धावत आलेला पाहुणा

आमच्या बँकेतला कॅशियर सकाळी भाट्याच्या समुद्रात पोहतो आणि रविवारी सायकलने गणपतीपुळ्याला जाऊन येतो. ट्रायथलॉनची तयारी म्हणे! हा माणसांत मिसळतो कधी, याचं मला कुतूहल होतं.

यंदा गणपतीत तो आमच्याकडे दर्शनाला धावतच आला. फाटकाबाहेर घाम पुसून त्याने पाठीवरच्या पिशवीतला घडीचा सदरा चढवला. गाड्यांतून आलेले पाहुणे प्रसाद घेऊन उभ्या उभ्या परतत होते. हा मात्र माझ्या आईपाशी मांडी घालून बसला. "सावकाश सांगा, काकू," म्हणत तिच्या गुडघ्यांची सगळी कथा त्याने ऐकली.

निघताना आईने दिलेला नारळ काखोटीला मारून तो पुन्हा धावत सुटला.

आई कळवळली, "अरे, माझ्यामुळे त्याची एसटी चुकली! गाडी काढ, सोड त्याला."