प्रागची पिवळी छत्री

वाळूजच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाई मला प्राग सहलीचे फोटो दाखवत होत्या. प्रत्येक फोटोआधी त्या पदरानं मोबाइल पुसायच्या. सगळीकडे पाऊस, आणि एका पिवळ्या छत्रीखाली त्या, दोन मुली आणि अर्धे बाहेर भिजणारे त्यांचे यजमान.

"एवढं लांब जाऊन पाऊसच पाहिलात की," मी मुद्दाम म्हणाले.

"व्हय, किल्ला दिसलाच नाय. पण दुसरी छत्री हॉटेलात राहिली, ते लई बरं झालं. दिवसभर चौघं चिकटून फिरलो."

बजाजनगरला बाई उतरल्या तेव्हा रिमझिम होती. थांब्यावर यजमान तीच छत्री घेऊन उभे होते. त्यांनी ती बाईंवर धरली आणि स्वतःचा खांदा भिजू दिला. बाईंनी वळून मला हात केला.

माझ्या पिशवीत एकटीपुरती घडीची छत्री होती. पाऊस आत येत नव्हता, तरी मी खिडकीची काच ओढून घेतली.