दोनदा पोचवलेली लेक

मी नगरकडचा. १९७८ साली पाळक म्हणून भंडाऱ्याला आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत जेमतेम तीस घरं. त्या घरांवर वचक होता तो माझा नव्हे, तुलाराम कंपाउंडरांचा. दवाखान्यात ते औषधं देत, जखमा बांधत, आणि मंडळीचे पंच म्हणून बारा-पंधरा वर्षं काम पाहत होते. कुणी दारू प्यायला, कुणी खोटी साक्ष दिली, तर तोंडावर बोलत. पण त्याच घरी कुणी तापानं फणफणलं की सायकलवरून औषध घेऊन पहिले पोचणारेही तेच. म्हणून लोक त्यांचं ऐकून घेत.

त्यांना एकच लेक, सुवार्ता. मी आलो त्याच वर्षी तिचं लग्न मीच लावलं. मुलगा गोंदियाला शिक्षक, उपासना कधी न चुकवणारा. तुलारामांनी तो तेवढ्यासाठीच निवडला होता.

आठव्या महिन्यात सुवार्ता एकटीच परत आली. भुवईवर जखम होती. तुलारामांनी स्वतः ती धुतली, तीन टाके घातले. त्यांची बायको शकुबाई मला पुढे सांगत की टाके घालताना त्यांचा हात जराही हलला नाही. पण नंतर सुई उकळायला ठेवली ती विसरले, आणि पाणी आटून भांडं काळं पडलं. चार दिवसांनी लेकीला घेऊन ते वरठी स्टेशनला गेले, गोंदियाच्या गाडीत बसले. जावयाला समज दिली, दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि परतले.

तीन महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी शकुबाईंनी मला बोलावून घेतलं. मी म्हणालो, राहू द्या तिला इथे. काळ बदललाय, बायका आता एवढं सोसत नाहीत.

"पाळक साहेब," तुलाराम म्हणाले, "काळ तं रोजच बदलते. देवासमोर शपथ घेतली, ते काय काळाले इचारून घेतली होती?"

याला उत्तर होतं. नवऱ्यापासून वेगळं राहायची मोकळीक बायबलमध्येच आहे, दुसरं लग्न न करता. ते मला पाठ होतं. पण बापाच्या वयाच्या माणसापुढे मी गप्प बसलो. सुवार्तानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पेटी उचलली आणि बापामागे निघाली.

तिसऱ्या वेळी ती माहेरी आलीच नाही. थेट नागपूर गाठलं, शिवणकामावर पोट भरलं, कोर्टात तीन वर्षं घालवून घटस्फोट मिळवला. १९८३ साली तिनं जागेश्वरशी रजिस्टर लग्न केलं. तो बौद्ध घरातला, वरठी स्टेशनवर नोकरीला, कमी बोलणारा माणूस.

या दुसऱ्या लग्नाचा विषय पंचांच्या बैठकीत निघाला तेव्हा कुणी मान वर करीना. विषय सोडून देऊ, असं मीच सुचवलं. तुलाराम म्हणाले, "दोन वर्साआधी आपन त्या भांडेवाल्या बाईचं नाव याच कारनानं वाचलं. मंग माह्या पोरीचं काहून नाही?"

रविवारी त्यांनी ते स्वतः वाचलं. सुवार्ता तुलाराम, प्रभुभोजनातून बंद. म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस यापुढे तिला मिळणार नव्हता. आवाज स्वच्छ होता. शकुबाई मधूनच उठून बाहेर गेल्या.

पुढे शकुबाई काहीतरी निमित्त काढून वरठीला जात. तुलाराम विचारत नसत. मात्र नातू झाल्यावर शकुबाईंच्या पिशवीत ग्राइप वॉटरची बाटली मुकाट ठेवून देत.

१९८५च्या मार्चमध्ये शकुबाई वारल्या. सुवार्ता नवऱ्याला आणि पोराला घेऊन आली. माती देऊन आल्यावर माणसं पांगली. घरासमोरच्या छपरीत खाटेवर सुवार्ता बसली होती. तुलाराम येऊन तिच्या डाव्या अंगाला बसले. मी दाराशीच होतो. ते जमिनीकडे पाहत हळूहळू बोलले.

"शपथेचं मी अजूनही तसंच मानतो, माय. पन तुले वापस नेऊन सोड, असं देवानं मले कुठीच सांगतलं नव्हतं. ते माह्या मनचं होतं. लोक काय म्हनतीन, याचं भेव होतं मले."

सुवार्ता समोरच पाहत राहिली. तुलारामांची मान आणखी खाली गेली. बऱ्याच वेळानं तिचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

"काही म्हनत होते का, बाबा? इकडून बोला. त्या कानानं मले ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"दुसऱ्यांदा पोचवून गेले होते नं तुम्ही. त्याच दिवशी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तुलाराम उठले आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिनं वाट पाहिली. आत पोर रडायला लागलं तशी ती उठून गेली.

मी नंतर तिला पत्र लिहून ते शब्द कळवले. उलट टपाली कार्ड आलं. बाबांच्या तोंडून ऐकलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच त्यात होतं.

त्याच महिन्यात तुलारामांनी पंचपद सोडलं आणि स्वतःचं नाव वाचायला सांगितलं. तसा नियम नाही, असं मी म्हणालो. त्यांनी विचारलं, "मारनाऱ्याच्या दारात आपल्या हातानं नेऊन सोडली. त्याले कोनता नियम लागते?"

मी नाव वाचलं नाही. पण त्यानंतर उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं की ते शेजारच्याकडे सरकवत. वरठीला मात्र जायला लागले. नातवाला खांद्यावर घेऊन फलाटावर फिरत, जावयाशी पाऊसपाण्याचं बोलत. लेकीजवळ बसले की गप्प होत.

१९८८ साली ते अंथरुणाला खिळले. मी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन त्यांच्या घरी गेलो. सुवार्ता उशाशी होती. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"घ्या नं, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी ओघळून कानात जात होतं, ते तिनं पदरानं टिपलं. पण भाकरीसाठी तोंड त्यांनी उघडलं नाही. मी भाकर तशीच रुमालात बांधून परत आणली.