निरोपाचं भाषण

रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत कुणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण आवक-जावकच्या कारकुनाकडे असे. आधी महिनाभर तो टेबलाटेबलाशी जाऊन त्या माणसाची एखादी चांगली गोष्ट विचारी. ती खरी असायला हवी. "समोर बसणारे त्याला रोज बघतात हो! खोटं बोललो तर पटेल काय?"

खडूस साहेबांच्या निरोपाला तो म्हणाला, "साहेब एकदाही उशिरा आले नाहीत. आम्ही कितीदा आलो, ते त्यांना तोंडपाठ आहे." आधी साहेबच हसले.

शहाऐंशी साली माझी पाळी आली. तो शिपायाशी हळूच बोलताना दिसला, तसा मी शिपायाला रोज चहा सांगू लागलो.

समारंभात तो उठला. "आमचे हे भाऊ रोज शिपायाला चहा पाजतात," म्हणाला. मी सुखावलो.

"गेले पंधरा दिवस."