शिक्केदादांचा हात

आमच्या ह्यांना टपाल कचेरीत सगळे शिक्केदादा म्हणत. जन्मभर एकच काम. हातातला शिक्का आधी शाईच्या गादीवर आपटायचा, मग पाकिटावर. हे निवृत्त झाले, पण उजवा हात काही निवृत्त होईना. जेवताना ताटाशेजारी, झोपेत माझ्या उशीवर, ठक-ठप, ठक-ठप चालूच. "अहो, पुरे आता!" म्हणून मी ओरडले, की बिचारे हाताकडे बघत बसायचे, जणू तो शेजाऱ्याचाच.

कामाने हात गेला म्हणून वाढीव पेन्शन मागितली, तर खात्याने नाकारली. म्हणे, वयामुळे थरथरतो. थरथरणारा हात असा ठेका धरतो होय? युनियनच्या सेक्रेटरीबाई चिडल्या आणि शिक्क्यावर काम केलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन अपिलाच्या सुनावणीला गेल्या. मीही गेले.

"हात जरा स्थिर ठेवा," सुनावणी घेणारे खात्याचे साहेब ह्यांच्यावर खेकसले.

ह्यांचा हात टेबलावर पडतच राहिला. मग मागच्या बाकावर कुणाचा तरी हात गुडघ्यावर पडू लागला, मग शेजारच्याचा. पाहता पाहता सगळे हात एका ठेक्यात पडायला लागले.

"बंद करा हे!" साहेब ओरडले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही खात्यात पहिल्यांदा कुठल्या कामावर लागलात?"

साहेबांनी खाली पाहिलं. त्यांच्या हातातलं पेन टेबलावर आपटत होतं, ठक-ठप, ठक-ठप. डाव्या हाताने त्यांनी उजवा घट्ट दाबून धरला.

तरी तो थांबेना.