झेंडूच्या आधीची सहल

मखमलाबादच्या गोटीरामला बेत आखायचा भारी नाद. बेत पार पडो ना पडो, सांगताना गडी असा रंगायचा की ऐकणाऱ्यानं चपला घालूनच बसावं. आणि बेत तरी किती? एकच. सगळ्या घरानं मिळून कळसूबाईचा डोंगर चढायचा. पाऊस उघडल्यावर, तिथल्या अभयारण्यात पिवळी सोनकी फुललेली असताना, ऑक्टोबरात.

पण ऑक्टोबर म्हणजे झेंडू. फुलं पिकवणाऱ्याच्या घरात दसरा-दिवाळीला कुणी आजारीसुद्धा पडत नाही, सहल कुठली काढता? दसऱ्याला अंगणात ढीग, दिवाळीला ढीग, मधल्या दिवसांत पाणी, फवारणी आणि पुन्हा तोडणी. पोरांच्या सुट्ट्या तेव्हाच, डोंगर देखणा तेव्हाच, आणि हाताला फुलांचा चीक लागलेला तोही तेव्हाच. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं.

खरं तर ही हौस त्याची नव्हतीच, त्याच्या बायकोची होती, नवसाबाईची. ती घोटीकडची. माहेरच्या भाताच्या खाचरात उभं राहिलं की समोर कळसूबाई. लहानपणी बापाच्या मागे लागायची, तर बाप म्हणायचा, नवऱ्याबरोबर जा. नवरा मिळाला तो झेंडूवाला! तिनं कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली होती, की तिथून खाली आमची खाचरं कशी दिसत असतील, तेवढं बघायचं राहिलं. ते गोटीरामच्या काळजात रुतून बसलं होतं.

दोन हजार सालच्या थंडीत तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी फोटो काढले आणि गोटीरामला बाजूला घेऊन सांगितलं, की झीज बरीच आहे, वर्षभर चालेल तेवढं चालवा, पुढं चढण बंदच करावी लागेल. म्हणजे हातात आता एकच ऑक्टोबर उरला. गोटीरामला अन्न गोड लागेना.

आणि नशीब बघा! त्याच ऑक्टोबरात आश्विन अधिक आला. दसरा सरकून थेट महिन्याच्या शेवटाला गेला. कॅलेंडर बघून गोटीराम नाचायचाच काय तो बाकी राहिला. अधिक महिन्यात ना घट, ना तोरण, ना लग्न. झेंडूला कुत्रं विचारत नाही. त्यानं रोपं मुद्दाम उशिरा लावली, सगळी फुलं नवरात्रातच यावीत अशी. शेजारच्या बारकूनं सवयीनं मागच्या सालाप्रमाणे लावली आणि त्याचं वावर ऐन अधिकात पिवळंधमक झालं. तेव्हा हा बांधावर उभा राहून त्याची थट्टा करत होता, की लेका, अधिक महिना विसरतं का कुणी?

मग काय, तयारी. अंबडच्या कारखान्यात लागलेल्या थोरल्या पोरानं, भारतनं रजा टाकली. गावातल्या भिकाची जीप ठरली. नवसाबाईला कॅनव्हासचे बूट आणले. साडीखाली ते घालून ती अंगणात आली तेव्हा लाजून हसली. रोज सकाळी दोघं कालव्याच्या कडेनं चालायची, अधूनमधून म्हसरूळच्या लेण्यांच्या पायऱ्या चढायची. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे निघायचं, उन्हाआधी लोखंडी शिड्या गाठायच्या, शिडीवर भारत पुढं आणि आपण मागं, भाकरी-ठेचा वर देवळापाशीच सोडायचा, हे गोटीराम इतक्यांदा सांगायचा की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. नवसाबाई ऐकायची. मध्येच विचारायची, शिडीवर वारा फार असतो का. पाऊस लांबला म्हणून सहल अधिकातल्या शेवटच्या रविवारावर गेली. पुढं लगेच घट, म्हणजे तोडणी.

त्याच आठवड्यात निफाडहून फोन आला. धाकटी लेक शुभांगी मागच्याच वर्षी तिकडं दिली होती. तिच्या सासूबाई बोलत होत्या.

"रविवारी येतो आम्ही. पहिलाच धोंडा हाय, जावयाचा काय मान करायचा तो करा."

धोंड्याचा महिना! अधिकात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, अनारसे, पुरणाचे धोंडे वाढायचे, कपडे करायचे. लग्नानंतरचा पहिला अधिक तर चुकवायचाच नसतो. चुकला तर लेकीनं जन्मभर टोमणे ऐकायचे. आणि या शहाण्यानं अधिक महिना बघितला तो नुसत्या झेंडूच्या नजरेनं! फुलं नसतील एवढं दिसलं, जावई दिसला नाही. 

धडपड त्यानं केली. आधी या म्हणाला, तर विहीणबाईंना सवड नव्हती. भारतची रजा अलीकडं होईना. शेवटी जीव मुठीत धरून म्हणाला, जावईबापूंनाही डोंगरावर घेऊन जाऊ, मजा येईल. विहीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, पाहुण्याला पाटावर बसवायचं सोडून उन्हात हिंडवता होय? सहल बारगळली. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजावे लागतात. नवसाबाईनं त्याच संध्याकाळी भिजत घातले.

जावईबापू माणूस गुणी होता, त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोटभर जेवला, अनारशांची तारीफ केली, दुपारी ताणून झोपला. निघताना म्हणाला, मामा, एकदा कळसूबाईला जाऊ सगळे. जाऊ की, गोटीराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दिवसभर चुलीपाशी उठबस करून नवसाबाईचे गुडघे टरारून सुजले होते. पाहुण्यांची जीप दिसेनाशी झाली तशी ती ओट्यावरच बसली. गोटीराम तेलाची वाटी घेऊन शेजारी आला आणि गुडघे चोळायला लागला. 

"चुकलं माझं," तो म्हणाला. "जावई ध्यानातच आला नाय."

"मला होता ध्यानात."

"कधीपासून?"

"तुम्ही कॅलेंडर काढलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाय?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "वाटलं, मी बोलले नाय तर बाकीचेबी विसरतील."

गोटीरामनं वाटीत पुन्हा बोटं बुडवली. तो तेल चोळत राहिला.