नव्याचं जुनं करणारी आर्डिथ

आर्डिथ क्रॅब्ट्रीने नवंकोरं टेबल अंगणात आडवं पाडलं आणि सायकलच्या चेनने त्याला झोडपायला सुरुवात केली, तेव्हा समोरच्या घरातल्या बाईने हळूच पडदा ओढून घेतला. आर्डिथला त्याचं काही वाटलं नाही. पाचपन्नास फटके मारून झाल्यावर तिने खिळा आणि हातोडी घेतली, टेबलाला किडीची भोकं पाडली, त्यावर शाळेच्या स्वयंपाकघरातून आणलेली उरलेली कॉफी ओतली आणि समाधानाने कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सकाळी दुकानातून आलेलं टेबल संध्याकाळपर्यंत दीडशे वर्षांचं झालं होतं.

ओहायोच्या दक्षिणेला पाइक्स फोर्ड नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या शाळेत आर्डिथ वीस वर्षं स्वयंपाकीण होती. नवरा व्हर्लिन ट्रकच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात. दोघांचं घर बसकं, एकमजली, १९७२ सालचं. खाली मोहरीच्या रंगाचा गालिचा, भिंतींना लाकडाचं सोंग घेतलेले प्लायवूडचे तक्ते. आर्डिथला या घराची मनातून लाज वाटायची. नवीन फर्निचर घ्यायचं म्हटलं की कारखान्यातली एखादी पाळी बंद व्हायची आणि बेत बारगळायचा.

मग एकदा केस कापायला गेली असताना तिच्या हाती एक मासिक पडलं. त्यात रंग उडालेली कपाटं होती, पोत्यांच्या उशा होत्या, गंजक्या पत्र्याच्या चांदण्या भिंतीवर टांगल्या होत्या आणि या सगळ्याला सुंदर म्हटलं होतं. या थाटाला 'प्रिमिटिव्ह' म्हणतात, असं खाली लिहिलं होतं. म्हणजे आपले पणजोबा-खापरपणजोबा जंगल तोडून राहायला आले तेव्हा जसे राहत, तसं. आर्डिथने ते मासिक दोनदा वाचलं, मग न्हाविणीची परवानगी काढून घरी आणलं. पैसे नसणं ही जिथे अडचणच नाही अशी सजावट तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटली होती.

त्यानंतरची सहा वर्षं व्हर्लिनने मुकाट्याने काढली. पडलेल्या गोठ्यांच्या फळ्या त्याने ओढून आणल्या. मांजरपाटाचे पडदे कॉफीत बुडवून, पिळून, ओव्हनमध्ये भाजले जायचे, तेव्हा जेवण थंड खावं लागायचं. बॅटरीच्या मेणबत्त्यांना डिंक लावून त्या दालचिनीच्या पुडीत घोळवल्या जायच्या. एकदा पडद्यांच्या बादलीत त्याच्या बनियनी चुकून गेल्या आणि कारखान्यात कपडे बदलताना त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. टीव्ही एका जुनाट कपाटात गेला आणि कपाटाचं दार चिकटायचं, त्यामुळे सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर तो दिसायला लागायचा. व्हर्लिन एवढंच म्हणायचा, की तिचा जीव रमतोय ना, मग झालं.

सातव्या वर्षी त्याची आई घसरून पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. ओपल तिचं नाव, वय त्र्याऐंशी. केंटकीच्या डोंगरातल्या एका खोऱ्यात लाकडी झोपडीत जन्मली, अकरा भावंडांत वाढली. सहा आठवड्यांसाठी म्हणून ती आली. काठी टेकत तिने बैठकीच्या खोलीला सावकाश एक फेरी मारली. चिरफाळलेलं टेबल पाहिलं, डागाळलेले पडदे बोटांत धरून पाहिले. मग लेकाला स्वयंपाकघरात बोलावून तिने हलक्या आवाजात विचारलं,

"कारखाना बंद पडला का रे? मला कळवायचं तरी."

व्हर्लिनने समजावलं की हे सगळं मुद्दाम केलंय. 

"मुद्दाम?" ओपल म्हणाली. 

जरा हिंडाफिरायला लागल्यावर ती कामाला लागली. सोमवारी आर्डिथ शाळेतून परत आली तर पडदे ब्लीचमध्ये धुऊन पांढरेशुभ्र, दोरीवर फडफडत होते. बुधवारी गंजलेल्या चांदण्या घासूनपुसून लख्ख. शुक्रवारी दालचिनीच्या मेणबत्त्या साबणाच्या पाण्यात. आर्डिथ गॅरेजमध्ये जाऊन रडली. रडून झाल्यावर पुन्हा कॉफी उकळायला ठेवली. असं दोन महिने चाललं. एक बाई मळवायची, दुसरी धुवायची, आणि मधला माणूस कधी नव्हे ते जादा पाळी मागून घ्यायला लागला.

अशातच कॉर्नेलिया स्टाउटचा फोन आला. दर ऑक्टोबरात गावच्या वाचनालयाला निधी मिळावा म्हणून पाच घरं लोकांना बघायला खुली ठेवत, ती यादी कॉर्नेलिया करायची. तिचं स्वतःचं घर खरोखरच दीडशे वर्षांचं होतं आणि हे ती कुणालाही विसरू द्यायची नाही. यंदा एका घराच्या छताला गळती लागली होती, जागा रिकामी झाली होती. तुझं घर फार कल्पक आहे असं ऐकलंय, ती म्हणाली. 'कल्पक' हा शब्द तिने चिमट्यात धरल्यासारखा उच्चारला. आर्डिथने तरीही हो म्हटलं.

तीन आठवडे तिला झोप नव्हती. ठरलेल्या शनिवारी ओपलला व्हर्लिनच्या बहिणीकडे जेवायला पाठवायचं पक्कं झालं होतं, पण सकाळीच ओपल म्हणाली, कंबर धरलीये, मी कुठे जात नाही. तिची आरामखुर्ची कोपऱ्यात सरकवून, वर गोधडी टाकून तिला बसवलं. काही बोलू नका हं, असं आर्डिथने हात जोडायचंच बाकी ठेवून सांगितलं.

पहिल्या दहा मिनिटांतच एका बाईने खिडकीतल्या पांढऱ्या भांड्याकडे बोट दाखवलं. आर्डिथने त्यात वाळवलेल्या सफरचंदाच्या चकत्या ठेवल्या होत्या आणि चाखायला म्हणून शेजारी लहान चमचाही. सूप वाढायचं जुनं भांडं आहे, ती मोठ्या हौसेने सांगू लागली.

"सूप?" कोपऱ्यातून ओपल म्हणाली. "अगं, ते खाटेखाली ठेवायचं भांडं आहे. रात्री लघवीला लागली की थंडीत कोण बाहेर जाणार? आमच्याकडे अस्संच होतं. सकाळी ओतून यायची पाळी माझी."

सफरचंदाची चकती हातात धरलेला एक गृहस्थ ती खाली ठेवायला जागा शोधू लागला. आर्डिथला वाटलं, गालिच्याने आपल्याला पोटात घ्यावं. पण लोक हसले, आणि हसून कोपऱ्याभोवती जमले. त्यांना वाटलं म्हातारी मुद्दाम बसवलीये, कार्यक्रमाचाच भाग आहे. ते विचारत गेले, ओपल सांगत गेली. पोत्याचे झगे शिवायचो आणि पाठीवर कोंबड्यांच्या खाद्याचं नाव असायचं. हिवाळ्यात फटींतून बर्फ आत यायचा, उठलं की आधी गोधडी झटकायची. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली असत, मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. चुलीमागची बातमी अर्धीच होती, तिचा शेवट काय झाला ते मला अजून माहीत नाही. दुपारपर्यंत दारात रांग लागली. आपलं घर ओस का पडलं ते बघायला कॉर्नेलियासुद्धा आली आणि तिलाही उभंच राहावं लागलं.

शेवटी एका तरुण बाईने विचारलं, आजी, ते साधे दिवस आठवून हुरहुर नाही का वाटत?

ओपलने जरा विचार केला. "चौपन्न साली नवऱ्याने लाल फॉर्मायकाचं टेबल आणलं," ती म्हणाली. "एका फडक्यात पुसून स्वच्छ. ना कुसळं, ना फटीत अडकलेलं पीठ. त्या दिवशी मी ते तासभर पुसत बसले. वर काहीच सांडलेलं नव्हतं."

 दाराशी उभ्या असलेल्या आर्डिथने हातातला चकत्यांचा डबा खाली ठेवला. बावीस वर्षांच्या संसारात सासूने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर ती ओपलच्या पायाशी गालिच्यावर बसली. "आई, तुम्हाला हे सगळं खोटंच वाटत असेल," ती म्हणाली.

"खोटं तर आहेच," ओपल म्हणाली. "पण मला राग त्याचा नाही. तू रंग चुकीच्या जागी घासतेस. कपाटाच्या मधोमध कोण हात लावतं? घासलं जातं ते खणाच्या मुठीपाशी. टेबलाच्या खालच्या दांडीवर, जिथे पोरं पाय ठेवतात. दाराच्या कडेला, जिथे दोन्ही हात भरलेली बाई ढुंगणाने दार लोटते. आण तो पॉलिशपेपर."

त्या हिवाळ्यात दोघींनी पाच कपाटं केली. ओपल खुर्चीत बसून काठीने जागा दाखवायची, आर्डिथ घासायची, आणि पुरे म्हटल्यावर थांबायची. दुकानात नेलेली ही कपाटं बघून जुन्या वस्तूंचा एक दुकानदार फसला, तेव्हा दोघी गाडीत बसेपर्यंत हसू दाबून होत्या. बदल्यात ओपलची खोली तिच्या मनासारखी झाली. गुळगुळीत, चकचकीत गुलाबी भिंती, प्लॅस्टिकची फुलं, कुठेही एक डाग नाही. त्या भिंती रंगवताना आर्डिथचे हात घासायला शिवशिवत होते, पण तिने स्वतःला आवरलं.

ओपल मग परत गेलीच नाही. आणखी चार वर्षं जगली. त्या पुढच्याच ऑक्टोबरात कॉर्नेलियाने छापलेल्या पत्रकात आर्डिथच्या घराच्या नोंदीखाली ओपलचं नाव वेगळ्या ओळीत होतं. आर्डिथने उत्साहाने तिच्यासाठी जुन्या पद्धतीचा लांब झगा, एप्रन आणि डोक्याला बांधायची टोपी शिवली, तिन्ही कॉफीत बुडवून काढली आणि आदल्या दिवशी खुंटीला लावून ठेवली.

शनिवारी सकाळी ओपल खोलीतून बाहेर आली ती जांभळ्या पॉलिस्टरच्या सूटमध्ये, केस ताजे कुरळे करून, ओठांना लाली लावून.

"लोक मला बघायला येणार आहेत," ती म्हणाली, "आणि मी काय पोत्यात बसू?"

आर्डिथने पुढे होऊन तिची कॉलर नीट केली आणि खुर्चीवरची गोधडी काढून घेतली.