कांद्याचा रंग सांगताना

मी सहा वर्षांची असताना आईला देवी आल्या. दसऱ्याच्या सुमारास तिला ताप भरला आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बोर्ली पंचतनला मामाकडे नेऊन सोडलं. आम्ही दिघीला राहत होतो. अण्णा बंदरावरच्या जकात नाक्यावर कारकून होते. मामाकडे मी दोन महिने राहिले. मार्गशीर्षात अण्णा मला न्यायला आले तेव्हा बैलगाडीतच त्यांनी सांगितलं, "आई बरी झाली, पण तिला आता दिसत नाही. तिच्यासमोर रडायचं नाही. तिला ते नको आहे."

मी रडले नाही. आईने मला ओढून जवळ घेतलं, माझं तोंड चाचपलं, मग केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मामीने दोन महिन्यांत तेल लावलेलं दिसत नाही." तिच्या चेहऱ्यावर वण पडले होते. उजेड आणि अंधार, एवढंच तिला कळायचं. बाकी ती माझी आईच होती. माझी भीती पहिल्या तासाभरात गेली.

घरात श्रीवर्धनची आत्या येऊन राहिली होती. ती अण्णांची थोरली बहीण. तिच्या घरी सुना आल्या होत्या, त्यामुळे तिला तिकडची काळजी नव्हती. आजारपणात आईचं सगळं तिनेच केलं होतं आणि आता स्वयंपाकही तीच करी. तिच्या हाताला चव होती, आमच्यावर माया होती, यात मला आजही काही कमी म्हणायचं नाही. पण चूल तिच्याकडे गेली आणि आई आपल्याच घरात पाहुणी झाली. मागच्या पडवीत बसून लसूण सोलायची, शेंगा मोडायची. एकदा ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात आली, तर आत्याने तिला धरून परत पडवीत नेऊन बसवलं. "तुम्ही बसा, वहिनी. पदर पेटला म्हणजे केवढ्याला पडेल?" आई बसली. ती गप्प बसली याचं मला जास्त नवल वाटलं.

महाशिवरात्रीला आत्या हरिहरेश्वरला निघाली. जाऊन येऊन चार दिवस लागणार होते. तेवढे दिवस शेजारच्या काकूंनी आम्हाला जेवण पाठवायचं असं ठरवून ती गाडीत बसली. आई दारात उभी होती.

"गाडी गेली?" तिने मला विचारलं.

"गेली."

"वळणापलीकडे गेली?"

"हो."

"मग काकूंना सांगून ये, जेवण पाठवू नका म्हणावं. आणि लगेच परत ये. आपल्याला भात टाकायचा आहे."

परत आले तोवर तिने पदर कमरेभोवती घट्ट गुंडाळून खोचला होता आणि फळीवरचे डबे एकेक उघडून वास घेत ती ते पुन्हा आपल्या पद्धतीने लावत होती. मला तिने चुलीपासून हातभर अंतरावर पाटावर बसवलं. तिथून उठायचं असेल तर आधी सांगायचं, हा पहिला नियम. दुसरा नियम तिने दोनदा सांगितला. "मी विचारेन ते बघायचं आणि जसं दिसेल तसं सांगायचं. तुझ्या मनाचं त्यात काही घालायचं नाही."

तांदूळ मी निवडले. पाणी तिने बोटाच्या पेरांनी मोजलं. विस्तव मात्र मी पेटवायचा नव्हता, तो तिने स्वतः पेटवला, फुंकणीने फुंकून, गालांना धग लागते त्यावरून अंदाज घेत. आमटीसाठी कांदा परतायला घेतला तेव्हा माझी खरी परीक्षा सुरू झाली.

"कांदा कसा दिसतोय?"

"लाल."

"लाल म्हणजे कसा? कुंकवासारखा?"

"नाही."

"मग कशासारखा?"

मी बराच वेळ बघत राहिले. कांद्याकडे इतकं निरखून त्याआधी मी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "बंदरावरच्या सुक्या वाळूसारखा."

आई हसली. देवीनंतर पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं. "हे बरं सांगितलंस. आता ओल्या वाळूसारखा झाला की सांग."

त्या दिवसापासून आमच्या दोघींचे रंग ठरले. सुकी वाळू, ओली वाळू, त्यापुढे अण्णांच्या वहाणेसारखा. वहाणेच्या पुढे गेला तर तो कांदा फेकायचा. हळद कमी पडली की मी "काकूंच्या भिंतीसारखं" म्हणायची, कारण त्यांची भिंत पिवळी होती पण नुसती म्हणायला. अण्णा दुपारी जेवायला आले, आमटी-भात जेवले, आणि हात धुताना म्हणाले, "काकूंना सांग, आमटी छान झाली होती." आई म्हणाली, "सांगते." मला हसू आवरेना, म्हणून मी विहिरीवर पळाले.

तिसऱ्या दिवशी मी तिला फसवलं. मुद्दाम नव्हे, पण फसवलंच. ती भाकऱ्या करत होती. तवा फार तापला म्हणून तिने तो मध्येच उतरवून बाजूला ठेवला होता, तो नेमका तिच्या डाव्या हाताशी आला होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "माझ्या डाव्या हाताशी जागा मोकळी आहे ना?" मागच्या दारात मांजरीने खेकडा धरून आणला होता. खेकडा तिच्या मिशीला लोंबकळत होता. मी त्यांच्याकडेच बघत म्हणाले, "आहे." आईने आधारासाठी हात टेकला तो तव्यावरच.

हात उचलून तिने पाण्याच्या बादलीत घातला. मी मात्र मोठ्याने रडू लागले. तिने मला पुरतं रडू दिलं. मग विचारलं, "बघितलं होतंस?"

"नाही."

"मग बघितलं नाही म्हणायचं. मी थांबले असते. मला दिसत नाही त्याचं मला आता काही वाटत नाही. पण तू न बघता सांगायला लागलीस, तर मला ही चूल सोडावी लागेल." मग तिने मला मध आणायला लावला, तळव्याला लावला, आणि उरलेल्या दोन भाकऱ्या उजव्या हाताने थापल्या. कडा जरा फाटल्या, एवढंच.

त्यानंतर मी तिला न बघता कधीच काही सांगितलं नाही. पुढे शाळेत मास्तरांनीही मला काही विचारलं की मी आधी नीट बघायची, मग बोलायची. मास्तरांना वाटे मुलगी मंद आहे.

आत्या परत आली ती चुलीपाशी आईला बघून उंबऱ्यातच थांबली. मग तिचं लक्ष आईच्या तळव्याकडे गेलं. तिने तो हात धरला, फोड पाहिला आणि माझ्याकडे वळली. "हे कसं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "भाकरी भाजताना भाजलं, वन्सं. तुम्हाला कधी भाजलं नाही का?"

संध्याकाळी अण्णांसमोर बोलणं झालं. आत्याचा आवाज चढला होता. "उद्या काही झालं तर लोक मला विचारतील. म्हणतील, नणंद घरात असताना आंधळ्या बाईला चुलीला लावलं." अण्णा दोघींमध्ये अडकले. त्यांनी आईला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"तीन दिवस तुम्ही जेवलात, ते माझ्या हातचं," आई म्हणाली. "काकूंचं एक शीतही आलं नाही. नावं ठेवण्यासारखं काही असेल तर आत्ताच सांगा."

अण्णांनी नावं ठेवली नाहीत. उन्हाळाभर बघू, असं ठरलं. आत्याने राहायचं, पण पडवीत बसायचं आणि हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही. आत्या चांगलीच दुखावली. पडवीतून ती दर घटकेला विचारी, "वहिनी, लाकूड बाहेर आलंय का? वहिनी, पोर कुठे आहे?" आणि आई प्रत्येक वेळी न कंटाळता उत्तर देई.

मासळीवाली दारावर आली की मी टोपलीत डोकावून कल्ले बघायची आणि आई बोटाने मासा दाबून वास घ्यायची. पहिल्याच दिवशी ती कोळीण मला म्हणाली, "व्हय गो, तुला काय कळतंय?" मी म्हणाले, "कल्ले तांबडे नाहीत, मातीसारखे आहेत." तिने तो मासा परत टोपलीत टाकला आणि खालचा काढून दिला. पुढे ती आमच्या दारात आली की आधी मलाच हाक मारायची.

वैशाखात एक दिवस सकाळपासून वारा सुटला. खाडी पांढरी झाली आणि पलीकडे आगरदांड्याला जाणारी होडी सुटेना. अकराच्या सुमारास अण्णा धावतच घरी आले. नाक्यावर लग्नाचं वऱ्हाड अडकलं होतं. नवरा-नवरीला घेऊन ती मंडळी मुरूडला निघाली होती. चौदा माणसं, पहाटेपासून कुणाच्या पोटात काही नाही, आणि वारा संध्याकाळपर्यंत पडायचा नाही असं होडीचा तांडेल म्हणत होता. अण्णांनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. ते आईकडे बघत होते, मग आत्याकडे, मग पुन्हा आईकडे.

आई म्हणाली, "पायलीभर तांदूळ काढा. सोडे भिजत घाला. वन्सं, आत या."

सोडे म्हणजे सोललेली, सुकवलेली कोळंबी. आमच्याकडे त्यांचा बरणीभर साठा होता, आणि सोड्यांचा भात एकाच टोपात होतो. आत्या विळीवर कांदे चिरायला बसली, अण्णांनी नारळ फोडले, मी आमसुलं कोळली. माळ्यावरचा मोठा टोप काढला तेव्हा कळलं की मला त्याच्या आत दिसतच नाही. आई टोपात उलथणं फिरवत होती. आत्या बाजूला उभी होती.

"वन्सं, कांदा कसा दिसतोय?"

"झाला, वहिनी."

"झाला म्हणजे कसा?"

आत्या गोंधळली. तीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई, तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "झाला म्हणजे झाला," ती म्हणाली.

मी पाटावर पाट ठेवून वर चढले. आत्याने मला मागून धरलं. मी वाफेतून नीट बघितलं. "सुकी वाळू. कडेला थोडी ओली."

"मग अजून थोडा," आई म्हणाली आणि ढवळत राहिली. मी ओली वाळू म्हटल्यावर तिने सोडे टाकायला सांगितले. आत्या एकदा माझ्याकडे, एकदा टोपाकडे बघत होती. पण सोडे तिने आई म्हणाली तेव्हाच टाकले.

भात शिजायला लागला तसं आईने आम्हा दोघींना गप्प केलं आणि टोपाकडे कान लावून बसली. वर झाकण होतं, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं. मध्येच ती एकदम म्हणाली, "वन्सं, मागची दोन लाकडं ओढा. खालून लागायला लागलंय."

"मला तर वास येत नाही."

"वास यायला लागला म्हणजे उशीर झाला. ओढा."

आत्याने लाकडं ओढली. झाकण काढून भात तळापासून उलटला तेव्हा खालची खरपुडी नुकती तांबूस झाली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळ्या भाताला करपट वास लागला असता.

ओटीवर पंगत बसली. नवरी जेमतेम चौदा वर्षांची असेल. मुंडावळ्यांचे दोरे तसेच गळ्यात, डोळे रडून सुजलेले, मान खाली. आईने तिच्या पानापाशी थांबून विचारलं, "ही नवरी का?" मी हो म्हटलं. आईने तिच्या पानात खरपुडीचा मोठा तुकडा वाढला. नवरीने आधी शितं निवडल्यासारखं केलं, मग भराभर खाल्लं. मी कढी घेऊन गेले तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "अजून भात आहे का?" मी तिथूनच ओरडून आईला सांगितलं, आणि अख्खी पंगत हसली. नवरीसुद्धा.

टोपात मूठभर भात उरला. तो आम्ही तिघींनी पाटावर बसून टोपातूनच खाल्ला. आत्या म्हणाली, "वहिनी, ते लाकडाचं तुम्हाला कसं कळलं?" आईने तिला सांगितलं. पाणी असेतो टोप बुडबुडतो, पाणी आटलं की फुसफुसतो आणि लागायला लागला की बारीक तडतडतो. आत्याने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती अण्णांना म्हणाली, "माझ्यासाठी गाडी बघ. इथे पडवीत बसून मला कंटाळा आलाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. जाताना तिने आईची खणानारळाने ओटी भरली आणि मला जवळ घेऊन बजावलं, "न बघता बोलू नकोस." म्हणजे तव्याचं तिला सगळं कळलं होतं. आईने सांगितलं की तिने ओळखलं, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर घरात स्वयंपाकाला दुसरं कुणी आलं नाही. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आईला माझी फारशी गरजच उरली नव्हती. तरीही शाळेतून आले की मी तिच्या शेजारी पाटावर बसायची आणि ती विचारायची तेवढं सांगायची.

माझं लग्न मुरूडला झालं. पहिल्या बाळंतपणाला मला माहेरी जाता आलं नाही, म्हणून आईच आगरदांड्याच्या होडीने आली. सासूबाईंनी तिला ओसरीवर चटई घालून दिली. आई चटईवर बसली, पाणी प्यायली, आणि आतल्या चुलीचा आवाज ऐकत म्हणाली, "तुमची चूल नीट ओढत नाही. तोंडाशी धूर परत येत असेल." सासूबाईंनी कबूल केलं. दहा वर्षं त्या धुराशी भांडत होत्या. आईने तिसऱ्या दिवशी नदीकाठची माती मागवली, भुसा घालून स्वतः मळली आणि हाताने चाचपत चुलीची मागची कड दोन बोटं उंच केली. चूल वाळेपर्यंत दोन दिवस आम्ही अंगणात तीन दगडांवर भात शिजवला.